कवितेची प्रेरणा कोठून येते?
(वंगीस थेर आणि चार प्रकारचे कवी : अभ्यासवर्गासाठी एक पाठ)

प्रास्ताविक

स्मरणिकेचे काम सुरू झाले की दरवर्षी मंडळाच्या कार्यालयात कवितांचा गठ्ठा जमू लागतो. लेख मागून मागून मिळवावे लागतात, जाहिराती तर घरोघरी फिरून आणाव्या लागतात; कविता मात्र न मागता येतात. आपल्या वस्तीतील मुले-मुली मोठ्या आस्थेने त्या लिहितात. वहीचे पान फाडून, समास आखून, खाली आपले नाव आणि इयत्ता घालून आणून देतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु हा गठ्ठा वाचताना एक गोष्ट मनाला खटकत राहते. बहुतेक कवितांत सूर्य उगवलेला असतो, अंधार फिटलेला असतो, साखळदंड तुटलेले असतात. लिहिणाऱ्याचे घर, त्याची आई, त्याच्या गल्लीतला नळ, त्याच्या बापाच्या हातावरचे घट्टे मात्र त्यात कोठेही सापडत नाहीत.

गेल्या वर्षी रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, मला बाबासाहेबांवर कविता लिहायची असते. पण लिहायला बसले की दुसऱ्यांच्याच ओळी आठवतात. मग स्वतःची कविता येते तरी कुठून?"

मी चटकन उत्तर दिले, "त्याला प्रतिभा लागते, बेटा. ती उपजत असावी लागते."

मुलगी काही न बोलता खाली बसली. वर्ग संपला. घरी परतताना माझ्या लक्षात आले की आपण दिलेले उत्तर नुसते अपुरे नाही, तर चुकीचे आहे. 'तुझ्याकडे उपजत असेल तर लिही, नसेल तर गप्प बस' असाच त्याचा अर्थ होतो. ज्या समाजाला विद्या ही तुमच्या जन्मात नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्याच समाजातील एका मुलीला मी पुन्हा जन्माकडेच बोट दाखवले होते. त्या चुकीची दुरुस्ती म्हणून मी पालि वाङ्मयात या प्रश्नाचे काही उत्तर मिळते काय, याचा शोध घेतला. जे हाती लागले ते या पाठाच्या रूपाने वाचकांपुढे ठेवीत आहे.

१. प्रेरणेविषयीच्या रूढ कल्पना

कविता ही बाहेरून, वरून येते अशी समजूत जगात सर्वत्र आढळते. प्राचीन ग्रीक कवी काव्याच्या आरंभी म्यूझ नावाच्या देवतांना आवाहन करीत. आपल्याकडे ग्रंथारंभी वाग्देवतेला वंदन करण्याची प्रथा होती. तुकोबांनी तर नामदेवराय स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करण्याचे काम सांगितले, असे आपल्या अभंगातच नमूद केले आहे.

संस्कृत काव्यशास्त्रज्ञांनी याचा अधिक बारकाईने विचार केला. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्याच्या मुळाशी तीन गोष्टी मानल्या : शक्ती म्हणजे प्रतिभा, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या निरीक्षणाने येणारी निपुणता, आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. म्हणजे केवळ उपजत देणगीवर काम भागत नाही, हे त्यांनाही मान्य होते. तरीही लोकांच्या मनात पहिलीच गोष्ट ठसली आणि उरलेल्या दोन मागे पडल्या.

तथागतांची विचार करण्याची रीत वेगळी आहे. कोणतीही गोष्ट आपोआप होत नाही, ती हेतू आणि प्रत्यय यांच्या योगाने होते. हे असले म्हणजे ते होते, हे नसले म्हणजे ते होत नाही, असा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम आहे. हा नियम दुःखाला लागू आहे, तसाच तो कवितेलाही लावून पाहता येतो. प्रेरणा जर कारणांनी येत असेल, तर ती कारणे ओळखता येतील आणि जोपासताही येतील. आकाशाकडे पाहत बसण्याची गरज उरणार नाही.

२. गाथेचे मूळ काय?

संयुत्त निकायाच्या सगाथवग्गात एक अगदी छोटे सुत्त आहे. एक देवता भगवंतांना विचारते की गाथांचे निदान काय, त्यांचे चिन्ह काय, त्या कशावर आधारलेल्या असतात आणि त्यांचे वसतिस्थान कोणते. भगवंत चारच गोष्टी सांगतात. छंद हे गाथांचे निदान. अक्षरे हे त्यांचे चिन्ह. नाम हा त्यांचा आधार. आणि कवी हे त्यांचे वसतिस्थान.

या उत्तरात कोणत्याही दैवी शक्तीचा उल्लेख नाही. गाथा राहते ती कवीच्या ठायी, म्हणजे माणसाच्या ठायी. 'नाम' याचा अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याला नाव आहे, जी वस्तू दाखवता येते, तिच्यावर गाथा उभी राहते. नुसत्या 'अंधार' आणि 'प्रकाश' या शब्दांवर ती फार काळ उभी राहत नाही.

पहिला शब्द 'छंद'. अट्ठकथेने त्याचा अर्थ वृत्त असा घेतला आहे. परंतु पालि भाषेत या शब्दाला इच्छा, ओढ असाही अर्थ आहे. आपली मराठी याबाबत मोठी भाग्यवान आहे. आपणही वृत्ताला छंद म्हणतो आणि एखाद्याला गाण्याचा नाद लागला म्हणजे 'त्याला गाण्याचा छंद लागला' असेही म्हणतो. लय आणि ओढ या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात राहतात.

३. चार प्रकारचे कवी

अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात भगवंतांनी कवींचे चार प्रकार सांगितले आहेत : चिंताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी. मूळ सुत्तात केवळ नावे आहेत; त्यांचा खुलासा अट्ठकथेत मिळतो. विचार करून रचतो तो चिंताकवी. ऐकून रचतो तो सुतकवी. एखादा अर्थ, एखादा विषय धरून रचतो तो अत्थकवी. आणि जागच्या जागी, आपल्या पटिभानाने म्हणजे स्फूर्तीने रचतो तो पटिभानकवी. कवितेची प्रेरणा कोठून येते या प्रश्नाची ही चार उत्तरेच आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. आता आपण प्रत्येकाकडे क्रमाने पाहू. समजण्यास सोपे जावे म्हणून ऐकण्यापासून आरंभ करू.

(अ) सुतकवी : ऐकण्यातून येणारी प्रेरणा

'सुत' म्हणजे ऐकलेले. त्रिपिटक हे मुळात ऐकून जपलेले वाङ्मय आहे. लेखणी हाती येण्यापूर्वी माणसाजवळ कान होता.

आपल्या चळवळीतील याचे मोठे उदाहरण म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४). नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी त्यांचा जन्म झाला. पोटासाठी ते मुंबईस आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून मागितले आणि ते वाचता आले नाही, याची लाज वाटून त्यांनी मुळाक्षरे शिकण्यास आरंभ केला. दुकानांवरच्या पाट्या वाचून ते वाचनाचा सराव करीत, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. चाल ऐकलेली होती, शब्द मात्र आपले घातले. पुढे याच माणसाने हजारो गीते रचली आणि ती खेडोपाडी स्वतः जाऊन गायिली. त्यांच्याआधी भीमराव कर्डक व इतर शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला तो या गाण्यांतून.

दुसरे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आयाबायांनी ओव्या रचल्या, त्या कोणत्या शाळेत शिकून? आईच्या, आत्याच्या, सासूच्या तोंडून ऐकून. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील काही १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. २०१७ पासून हा ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावरून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. विठ्ठलाच्या ओवीची जी चाल कानावर होती, तीच या बायांनी भीमरायासाठी वापरली. चाल ऐकलेली, आशय आपला.

यावरून असे दिसून येते की ऐकणे ही चोरी नव्हे. त्या मुलीला दुसऱ्यांच्या ओळी आठवत होत्या यात तिचा काही दोष नव्हता. प्रत्येक कवी तेथूनच निघतो. प्रश्न फक्त तेथेच थांबायचे की पुढे जायचे, एवढाच आहे.

(आ) चिंताकवी : विचारातून येणारी प्रेरणा

मराठीत 'चिंता' म्हणजे काळजी. पालि भाषेत मात्र तिचा अर्थ चिंतन असा आहे. आपल्या वाट्याला आलेल्या गोष्टीकडे थांबून पाहणे, ती मनात घोळवणे, हे चिंतन.

थेरीगाथेत ७३ रचना आहेत आणि परंपरेने त्या भिक्षुणींच्या नावांवर आहेत. त्यांतील पटाचारा थेरीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पती, मुले, आईबाप, भाऊ सर्व गमावून ती वेडीपिशी झाली होती. परंतु तिच्या गाथेत तिने रडगाणे गायिलेले नाही. ती सांगते ते अगदी साधे दृश्य आहे. पाय धुताना तिने पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहताना पाहिले आणि मन एकाग्र केले. नंतर कोठडीत जाऊन दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला आणि तिचे चित्त मुक्त झाले. पाय धुण्याचे पाणी आणि दिव्याची वात! घरोघरी रोज दिसणाऱ्या गोष्टी. पाहणारी मात्र जागी होती.

मुत्ता थेरीने आपली सुटका सांगताना उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा अशा तीन वाकड्या गोष्टींची नावे घेतली. पुण्णिका ही दासी पाणी भरण्यासाठी थंडीत नदीत उतरत असे, मालकिणीच्या शिक्षेचे भय तिच्या पाठीशी असे. तिनेच नदीत स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला प्रश्न विचारला की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गात जातील काय. थेरगाथेतील सुनीत थेरांनी आपण हीन मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, वाळलेली फुले उचलण्याचे काम करीत होतो, हे कोठेही न लपवता सांगितले आहे.

जवळजवळ अडीच हजार वर्षांनंतर हेच मुंबईत घडले. नामदेव ढसाळ (१९४९-२०१४) मुंबईच्या ज्या वस्तीत वाढले, टॅक्सी चालवीत ज्या रस्त्यांवरून फिरले, त्याच वस्तीचे नाव त्यांनी आपल्या पहिल्या संग्रहाला दिले : 'गोलपिठा' (१९७२). सभ्य माणसे ज्या गल्लीचे नाव उच्चारीत नव्हती, ती गल्ली मराठी कवितेत आली. लाज वाटावी म्हणून जे आपल्याला दिले गेले, त्याच्याकडे डोळे उघडून पाहणे ही चिंताकवीची पहिली पायरी होय.

(इ) अत्थकवी : हेतूतून येणारी प्रेरणा

'अत्थ' या शब्दाचे अर्थ, विषय, हित असे अनेक अर्थ होतात. काही तरी सांगावयाचे आहे आणि ते लोकांच्या हिताचे आहे, या तळमळीतून जी कविता येते ती अत्थकवीची, असे आपण म्हणू.

साकेत नगरीचे महाकवी अश्वघोष हे याचे उत्तम उदाहरण होत. 'सौंदरनंद' या अठरा सर्गांच्या महाकाव्याच्या शेवटी त्यांनी आपला हेतू स्पष्ट केला आहे. हे काव्य करमणुकीसाठी नसून शांतीसाठी आहे. कडू औषध पिता यावे म्हणून त्यात मध मिसळावा, तसे मी काव्याचे रूप घेतले आहे, असा त्यांचा आशय आहे. याच कवीने ग्रंथसमाप्तीच्या वाक्यात आपली ओळख 'सुवर्णाक्षीचा पुत्र' अशी करून दिली आहे. एवढा मोठा पंडित, पण आईचे नाव सांगावयास विसरला नाही!

आपल्याकडे सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. शूद्रातिशूद्रांनी व स्त्रियांनी शिकावे हा त्यांचा ध्यास होता, आणि तोच त्यांच्या अनेक कवितांचा विषय झाला. दिवसा ज्या कामासाठी त्यांनी शेणमाती अंगावर झेलली, त्याच कामातून कविता आली. काम आणि कविता वेगळी राहिली नाहीत.

(ई) पटिभानकवी : क्षणात येणारी प्रेरणा

आता राहिला चौथा प्रकार. सर्वांना भुरळ पडते ती याचीच. क्षणात सुचले, जागच्या जागी रचले! अट्ठकथेने याचे उदाहरण म्हणून एकाच व्यक्तीचे नाव घेतले आहे, ते म्हणजे वंगीस थेर. भगवंतांनीही आपल्या पटिभानसंपन्न भिक्खूंमध्ये त्यांनाच अग्र म्हटले आहे. म्हणून त्यांच्या जीवनाकडे जरा विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

४. वंगीस थेर

अट्ठकथेनुसार वंगीस हे जन्माने ब्राह्मण. मृताच्या कवटीवर बोटाने टिचकी मारून तो कोठे जन्मला हे सांगण्याची विद्या त्यांना येत असे आणि त्यावर त्यांना पुष्कळ पैसा मिळे. भगवंतांनी त्यांच्यापुढे एका अर्हताची कवटी ठेवली तेव्हा त्यांना काहीच सांगता येईना. ती विद्या शिकावी म्हणून ते संघात आले आणि धम्माचेच झाले.

संयुत्त निकायात 'वंगीस संयुत्त' या नावाचा स्वतंत्र भाग असून त्यात १२ सुत्ते आहेत. त्यांच्या गाथा थेरगाथेच्या अखेरीसही आल्या आहेत. त्यांतून त्यांचे मन जसे उलगडते, तसे फार थोड्यांचे उलगडते. आपण पूर्वी काव्याच्या धुंदीत गावोगाव, नगरोनगर भटकत होतो, असे त्यांनीच सांगितले आहे. प्रव्रज्या घेतल्यावर ते आळवी येथे अग्गाळव चैत्यात आपले उपाध्याय निग्रोधकप्प यांच्याजवळ राहत. तेथे विहार पाहण्यास सजूनधजून स्त्रिया आल्या तेव्हा नवख्या वंगीसाचे मन विचलित झाले. पुढे मनाला उदासी आली. श्रावस्तीत भिक्षाटनाच्या वेळी पुन्हा विकार उठला, तेव्हा त्यांनी तो लपवला नाही. आनंद थेरांना सांगितला आणि उपाय विचारला. या प्रत्येक प्रसंगी त्यांनी गाथा रचली आहे.

आता मुख्य प्रसंग पाहू. भगवंत श्रावस्तीला जेतवनात १२५० भिक्खूंच्या संघासमोर निर्वाणाविषयी प्रवचन देत होते. सर्वजण कान देऊन ऐकत होते. वंगीसांना गाथा स्फुरल्या. त्यांनी उत्तरीय एका खांद्यावर घेतले, हात जोडले, मला काही सुचते आहे असे म्हणून अनुज्ञा मागितली आणि गाथा म्हटल्या. त्यावर भगवंतांनी विचारले की, वंगीस, या गाथा तू आधी विचार करून ठेवल्या होत्यास, की या ठिकाणीच सुचल्या? वंगीस म्हणाले, येथेच सुचल्या. तर मग आणखी अशाच सुचू देत, असे भगवंत म्हणाले, आणि वंगीसांनी आणखी गाथा म्हटल्या.

हा प्रश्न भगवंतांनी का विचारला? अट्ठकथा सांगते की, वंगीस अभ्यास करीत नाहीत, चिंतन करीत नाहीत, नुसत्या गाथा जुळवीत फिरतात, अशी काही भिक्खूंची कुरकुर होती. तिचे निरसन व्हावे म्हणून भर सभेत हा प्रश्न झाला. कवीविषयीची ही तक्रार किती जुनी आहे, पाहा!

आता आपण विचार करावयाचा तो असा. त्या गाथा क्षणात सुचल्या हे खरे. पण त्या क्षणामागे काय होते? ते प्रवचन कान देऊन ऐकत होते, म्हणजे सुत होते. आपल्या मनातील विकार, उदासी, गर्व यांच्याकडे त्यांनी कित्येक वर्षे निरखून पाहिले होते, म्हणजे चिंता होती. निर्वाण हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता, म्हणजे अत्थ होता. हे तीन प्रवाह एकत्र आले तेव्हा पटिभान झाले. माझ्या अल्पमतीप्रमाणे या चार प्रकारांचा परस्परसंबंध असा आहे : पहिले तीन ही पेरणी, आणि चौथे हे पीक. पीक एका सकाळी डोळ्यांत भरते, म्हणून ते एका रात्रीत आले असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

'उदान' या ग्रंथाची रचनाही हेच सांगते. त्यात ८० सुत्ते आहेत. प्रत्येकात आधी एखादा प्रसंग घडतो, मग भगवंत त्या प्रसंगाचा अर्थ जाणतात, आणि मग त्यांच्या मुखातून उद्गार निघतो. प्रसंग, अर्थ, उद्गार असा क्रम आहे. आपण अनेकदा मधली पायरी गाळतो. प्रसंग पाहिला की लगेच उद्गार काढतो, किंवा प्रसंगही न पाहता उद्गारच काढतो. म्हणून ते पोकळ वाटतात.

५. प्रेरणेचा शत्रू

वंगीसांच्या जीवनातील आणखी एक प्रसंग मला स्वतःला फार लागून राहिला आहे. आपल्या पटिभानाच्या जोरावर ते इतर सुशील भिक्खूंना तुच्छ लेखू लागले. मग एके दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हे आपले चांगले झाले नाही, असे म्हणून त्यांनी गाथेतून स्वतःलाच गर्व सोडण्यास बजावले. अग्र ठरलेल्या कवीची ही कबुली आहे.

माझीही एक कबुली येथे नोंदवितो. मी विशी-बाविशीत असताना जयंतीच्या मंचावर माझ्या गीतांना टाळ्या पडू लागल्या होत्या. आमच्या वस्तीत एक वृद्ध बाबा होते. तरुणपणी ते जलशात ढोलकी वाजवीत. त्यांना लिहिता येत नव्हते. सारी गाणी तोंडपाठ. ते एकदा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, माझी दोन-चार गाणी उतरवून घ्या. पोरांना हुतील." मी म्हणालो, "बघू बाबा, उद्या या." माझ्या मनात होते की, या जुन्या गाण्यांत काय आहे? ना मात्रा नीट, ना यमक. ते दुसऱ्या दिवशी आले, मी घरी नव्हतो. आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा मी परीक्षेचे कारण सांगितले. त्यानंतर ते आले नाहीत. पावसाळ्यात ते वारले. त्यांच्यासोबत ती गाणीही गेली. किती होती, कोणती होती, हे आज सांगणारे कोणी नाही.

ज्या प्रवाहातून माझी चार गीते आली होती, तो प्रवाह माझ्या दारात तीनदा येऊन गेला आणि मी दार उघडले नाही. पुढे कित्येक वर्षे मला नवे काही सुचेना. याचा आणि त्याचा संबंध कोणी मानो वा न मानो, मी मानतो. जो ऐकणे थांबवतो, त्याचे सुचणेही थांबते.

६. चांगल्या शब्दाची कसोटी

सुचलेले सर्वच चांगले असते काय? नाही. त्यासाठी भगवंतांनी कसोटी दिली आहे आणि तीही वंगीसांच्या उपस्थितीत. सुभासित सुत्तात वाणीची चार अंगे सांगितली आहेत : ती सुभाषित असावी, धम्माला धरून असावी, प्रिय असावी आणि सत्य असावी. हे प्रवचन ऐकताच वंगीसांनी त्याच विषयावर तेथेच गाथा म्हटल्या.

'प्रिय' याचा अर्थ गुळमुळीत असा कोणी घेऊ नये. पुण्णिकेचा प्रश्न ब्राह्मणाला झोंबणाराच होता, पण त्यात त्याचे हित होते आणि तो शेवटी बुद्ध, धम्म व संघ यांना शरण गेला. आपल्या कवितेतही विद्रोह असावा, अवश्य असावा. परंतु तो सत्य असावा, उसना नसावा. न पाहिलेल्या साखळदंडापेक्षा पाहिलेली रेशनची रांग अधिक सत्य असते.

७. आपण काय करावे?

वरील विवेचनावरून तरुण लेखकबंधू-भगिनींसाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) रोज थोडे ऐका. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारा. त्यांना येत असलेली ओवी, पाळणा, जलशातील गाणे उतरवून घ्या. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. त्यात आवाज साठवून ठेवता येतो. माझ्यासारखे "उद्या या" म्हणू नका.

२) एक वही ठेवा आणि दिवसाकाठी पाहिलेली एक तरी गोष्ट तिच्या नावानिशी लिहा. नाम हा गाथेचा आधार आहे, हे विसरू नका.

३) लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा : मला हे कोणाला आणि कशासाठी सांगावयाचे आहे?

४) सुचण्याची वाट पाहत बसू नका. आणि सुचले तर लगेच मंचावर धावूही नका. चार दिवसांनी पुन्हा वाचून चार अंगांच्या कसोटीवर घासून पाहा.

५) टाळ्या पडल्या तर वंगीसांची कबुली आठवा.

समारोप

ती मुलगी पुढच्या रविवारी आली नाही. त्यानंतरच्या रविवारी आली, तेव्हा मी सर्वांसमोर माझे उत्तर मागे घेतले आणि तिला एवढेच सांगितले, "बेटा, आधी आजीला विचार, तिच्या लहानपणी पाणी कुठून यायचं."

दीड महिन्याने तिने एक कागद आणून दिला. तिची आजी लहानपणी गावच्या विहिरीपासून दूर, रिकामी घागर घेऊन उभी राहत असे. कोणीतरी वरून पाणी ओतील याची वाट पाहत. कधी दुपार होई. नात आज स्वयंपाकघरात नळ सोडते आणि घागर भरेपर्यंत मोबाइल पाहत उभी राहते. आजी तिला रोज एकच वाक्य म्हणते, "नळ नीट बंद कर गं." नातीला वाटे की आजी बिलाला घाबरते. आता तिला त्या वाक्याचा अर्थ कळला, एवढीच ती कविता आहे. तिच्यात बाबासाहेबांचे नाव एकदाच येते, चवदार तळ्याच्या संदर्भात, १९२७ या सालासह. सूर्य कोठेही उगवत नाही. प्रसंग, अर्थ, उद्गार असा क्रम मात्र अचूक साधला आहे, आणि तो तिला कोणी शिकवला नव्हता.

ती कविता याच स्मरणिकेत अन्यत्र छापली आहे. वाचकांनी ती अवश्य वाचावी, आणि वाचून झाल्यावर आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ जाऊन बसावे, ही विनंती.

स्वाध्याय (अभ्यासवर्गातील चर्चेसाठी)

१) चिंताकवी, सुतकवी, अत्थकवी व पटिभानकवी यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

२) जेतवनातील प्रसंगी भगवंतांनी वंगीसांना प्रश्न का विचारला असावा? तुमचे मत मांडा.

३) पटाचारा थेरीने आपले दुःख सांगण्याऐवजी पाण्याचे व दिव्याचे वर्णन का केले असेल?

४) तुमच्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून एक ओवी किंवा गाणे मिळवा. ते त्यांनी कोणाकडून ऐकले, हेही विचारून लिहून आणा.

जयभीम!